समताचा हात

त्या वर्षी पोळा झाला आणि दुसरबीडमध्ये सर्दीची साथ आली. आधी अंगणवाडीत एकाचं नाक वाहायला लागलं, मग बघता बघता सगळी पोरं खोकायला लागली. धम्मशीला त्या वस्तीची आशा कार्यकर्ती. सकाळी भाकरी थापून झाल्या की ती पिशवी घेऊन निघायची. कुणाला तापाचं पातळ औषध द्यायची, कुणाच्या पोराचं झबलं वर करून छाती बघायची. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल तर म्हणायची, "याले इथं ठेवू नका, आरोग्य केंद्रात न्या." लोक तिचं ऐकायचे. दारात गेली की तिला बसायला टाकायचे.

शेजारच्या प्रेरणाचा मुलगा संघर्ष सगळ्यांत जास्त आजारी पडला. त्याला धाप लागली, ओठ काळपट दिसायला लागले. धम्मशीलाच त्याला घेऊन गेली आणि दवाखान्यात ऑक्सिजन लावेपर्यंत तिथून हलली नाही. तो बरा होऊन घरी आला तेव्हा प्रेरणाने तिच्या घरी साखर पाठवली होती.

धम्मशीलाची समता साडेचार वर्षांची. तिलाही सर्दी झाली. खोकला आला, छातीत शिट्टी वाजायला लागली. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी तिला मशीनची वाफ दिली, छाती ऐकली आणि म्हणाले, "साधा व्हायरस आहे ताई. तुम्हाला काय सांगायचं, सगळ्या गावात तोच आहे." आणि झालंही तसंच. ताप उतरला, शिट्टी थांबली. समता पुन्हा बकरीच्या पिलामागे धावायला लागली. तिची आजी, धम्मशीलाची सासू चांगुणा, तिला घेऊन विहारात गेली. तिथं पावसाळाभर चालणारं वर्षावासाचं वाचन सुरू होतं. समता आजीच्या मांडीवर झोपून गेली.

त्यानंतर काही दिवसांनी तिची मान दुखायला लागली. धम्मशीलाला वाटलं, उशी वाकडी झाली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती समताला आंघोळ घालून फ्रॉक चढवत होती.

"हात वर कर न माय."

समताने डावा वर केला.

"हा बी कर."

"होत नाही."

"लवकर कर. मले उशीर होऊन राह्यला."

"होतच नाही न आई!"

धम्मशीलाने तिचा उजवा हात मनगटाशी धरून वर नेला आणि सोडला. तो खाली पडला. हात खाली आणतात तसा तो आला नाही, नुसता पडला. तिने पुन्हा वर नेला, पुन्हा सोडला. समताला गंमत वाटली. ती हसली.

चांगुणा चुलीजवळ बसली होती. "हातावर झोपली असन ते," ती म्हणाली. "मुंग्या आल्या असतील. आण इकडं, तेल चोळून देतो."

"नाही मामी. तेल नाही लावायचं."

धम्मशीलाचा आवाज ऐकून चांगुणा उठून आली. तिनेही नातीचा हात उचलून पाहिला. तिचा भाऊ पुंजाजी लहानपणी असाच एका तापातून उठला होता आणि त्यानंतर जन्मभर गुडघ्यांवर हात टेकत चालला होता. त्या काळी गावात कुणी पोलिओचा डोस द्यायला येत नव्हतं. चांगुणाने समताला मांडीवर घेतलं आणि पदराने तिचा तो हात झाकून ठेवला.

धम्मशीलाला काय करायचं ते माहीत होतं. दर प्रशिक्षणात सांगितलं जायचं की कुठल्याही लहान मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला तर लगेच कळवा. इतक्या वर्षांत तिच्यावर तशी वेळ आली नव्हती. तिने आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन लावला.

"सर, एका पोरीचा उजवा हात लुळा पडला आहे. काल बरा होता."

"वय?"

"साडेचार."

"ताप होता का? कुणाची मुलगी? नाव सांगा."

"समता नागसेन," ती म्हणाली. मग म्हणाली, "माझीच आहे सर."

"तिला घेऊन या," डॉक्टर म्हणाले. "नको, थांबा. मी गाडीच पाठवतो, तिला सरळ संभाजीनगरला न्या."

नागसेनचं पंक्चरचं दुकान हमरस्त्यावर होतं. समृद्धीचा रस्ता झाल्यापासून तिथं मोठ्या गाड्या कमीच थांबायच्या, पण त्या सकाळी एक ट्रक उभा होता आणि तो त्याचं चाक उघडून बसला होता. रुग्णवाहिका दुकानासमोर थांबली. धम्मशीलाने मागचं दार उघडून त्याला हाक मारली. तो हात न धुताच आत चढला. ट्रकवाला मागून ओरडत राहिला.

"काय झालं? काल तर नाचत होती," नागसेन म्हणाला.

"बाबा, माझा हात झोपला," समता म्हणाली.

संभाजीनगरपर्यंत नागसेन तिचा पंजा आपल्या काळ्या हातात धरून बसला होता. मधूनच तो दाबायचा आणि विचारायचा, "समजते का बाई?" समता म्हणायची, "हाव." तिला सगळं समजत होतं. हाताला चिमटा घेतला तर दुखत होतं. फक्त हात तिचं ऐकत नव्हता.

मोठ्या दवाखान्यात मुलांच्या डॉक्टर शरयू मॅडम होत्या. चष्मा डोक्यावर ढकलून त्यांनी समताला तपासलं, गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाहिली, जीभ बाहेर काढायला सांगितली. पाठीच्या कण्याचा एमआरआय झाला. घशातला नमुना घेतला. विष्ठेचे नमुने बर्फाच्या डब्यातून मुंबईला गेले. धम्मशीलाने तसले डबे खूप वेळा खांद्याला अडकवून नेले होते. हा डबा नेताना तिला बघवेना.

संध्याकाळी शरयू मॅडमनी दोघांना बसवून घेतलं.

"पोलिओ नसावा असं मला वाटतं," त्या म्हणाल्या. "तिचे सगळे डोस झालेले आहेत. तरी तपासणी होईलच. मला दुसराच संशय आहे. तिला मध्यंतरी सर्दी, दम असं काही झालं होतं?"

"झालं होतं मॅडम. साऱ्या गावालेच झालं," धम्मशीला म्हणाली.

"एन्टेरोव्हायरस नावाचे विषाणू असतात. पोलिओचा विषाणू त्यांच्यातलाच, पण बाकीचे खूप आहेत. त्यातल्या काहींनी लहान मुलांना सर्दी होते, खोकला होतो, दमा असल्यासारखी छाती वाजते. बहुतेक मुलं आठवड्यात बरी होतात. फार थोड्या मुलांमध्ये, हजारोंत एखाद्या मुलामध्ये, तो विषाणू पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत जातो. हातापायांना हुकूम देणाऱ्या पेशी तिथे असतात. त्यांना तो मारतो."

"मग औषध?" नागसेनने विचारलं.

"त्या विषाणूवर औषध नाही. सूज कमी करायला आम्ही शिरेतून एक औषध देणार आहोत. त्याचा उपयोग होतो की नाही, हे जगात कुणालाच नीट माहीत नाही. पण हातात दुसरं काही नाही म्हणून देतो."

"म्हणजे तुमच्याजवळ काहीच नाही?"

"लक्ष ठेवणं आहे," शरयू मॅडम म्हणाल्या. "हा अशक्तपणा अजून वाढू शकतो. श्वासाच्या स्नायूंपर्यंत गेला तर मशीन लावावं लागेल. म्हणून तिला इथेच, माझ्या नजरेसमोर ठेवणार."

धम्मशीलाला विचारायचं होतं की याच पोरीला का. संघर्षला किती जास्त झालं होतं. त्याचे ओठ काळे पडले होते, त्याला तिनेच खांद्यावर टाकून नेलं होतं. तो आज गल्लीत सायकलचं टायर पळवत असेल. मनात हे आलं आणि तिला स्वतःचीच भीती वाटली. ती काही न विचारता उठली.

शरयू मॅडम रोज समताजवळ यायच्या आणि म्हणायच्या, "एका दमात सगळ्यांची नावं सांग बरं. मध्ये श्वास नाही घ्यायचा." समताला हा खेळ आवडला. ती छाती फुगवून सुरू करायची, "आजी, बाबा, आई, पेरणा काकू, संघर्ष, बकरी, बकरीचं पिलू, आत्या, शाळेतल्या बाई…" वॉर्डातल्या बायका कौतुकाने हसायच्या. पुढच्या वेळी ती बकरीच्या पिलापर्यंतच पोहोचली. त्याच्या पुढच्या वेळी संघर्षपाशी तिचा आवाज संपला.

"बकरी राह्यली न," नागसेन तिला म्हणाला.

"थकली मी."

आणि एका दुपारी ती "आजी, बाबा" म्हणाली आणि तोंड उघडं ठेवून थांबली. आई म्हणायला तिच्याजवळ हवाच उरली नव्हती. तिला खोकायचं होतं, पण खोकला वर येत नव्हता. घशात नुसती घरघर होत होती. शरयू मॅडमनी नर्सला हाक मारली आणि या दोघांना बाहेर जायला सांगितलं. दार बंद झालं.

बाहेर लांब बाकडं होतं. बाकड्यावर एक म्हातारा केळी खात बसला होता. नागसेन भिंतीला टेकून उभा राहिला. धम्मशीला दाराला तोंड करून उभी. आतून काहीतरी टाकल्याचा, चाकं सरकवल्याचा आवाज येत होता.

"तूच आणलं हे," नागसेन म्हणाला.

ती वळली.

"साऱ्या गावचे शेंबडे पोरं तू धरते. त्याच हातानं घरी येऊन हिले खाऊ घालते. किती वेळा म्हटलं, सोड ते काम. तुले गावाची पडली होती."

"मी हात धुऊनच घरात येतो," ती म्हणाली.

"हात धुऊन!" तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला. म्हातारा केळ्याचं साल हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिला.

धम्मशीला पुन्हा दाराकडे वळली. तो म्हणत होता ते खरं असू शकत होतं. अंगणवाडीतून आला असेल, विहारातून आला असेल, तिच्या पदरातून आला असेल. नंतर तिने शरयू मॅडमना विचारलंही. त्या म्हणाल्या, "सर्दी कुठून आली, हे कोण सांगणार ताई? तुम्ही घरात बसून राहिला असता तरी ती आलीच असती." पण ती आलीच असती असं त्या म्हणाल्या, तुमच्यामुळे आली नाही असं काही त्या म्हणाल्या नाहीत. धम्मशीलाच्या ते लक्षात राहिलं.

समता मशीनवर होती तेव्हा तिच्या तोंडात नळी होती. ती जागी असायची आणि डोळे फिरवून आईला शोधायची. बोलता यायचं नाही. रडायची तर आवाज न होता रडायची, नुसतं पाणी कानाकडे ओघळायचं. धम्मशीला ते पुसायची. इतकंच तिच्या हातात होतं. चांगुणा गावाहून आली, नातीच्या उशाशी बसून हळू आवाजात वंदना म्हणत राहिली आणि म्हणता म्हणता मध्येच विसरायला लागली. नागसेन खालच्या टपरीवरून चहा आणायचा. बायकोसमोर कप ठेवायचा, पण तिच्याकडे बघायचा नाही.

एक दिवस कप ठेवून तो तिथंच बसला. "त्या दिवशी मी बोललो ते," तो म्हणाला.

"राहू द्या."

"मले काही सुधरतच नव्हतं."

"मले बी नाही सुधरत," ती म्हणाली. "चहा प्या तुमचा."

हळूहळू छातीत जोर आला. आधी मशीन थोडा वेळ बंद ठेवून पाहिलं, मग जास्त वेळ, मग नळी निघाली. समताचा आवाज घोगरा झाला होता. पहिल्यांदा ती म्हणाली, "पाणी." वॉर्डातल्या सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. नागसेन जिन्यात जाऊन रडून आला.

मुंबईचा अहवाल आला. पोलिओ नव्हता. घशाच्या नमुन्यात मात्र एन्टेरोव्हायरस सापडला होता, मॅडमचा संशय खरा होता. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी फोन करून सांगितलं, "ताई, मोठं संकट टळलं. पोलिओ असता तर सगळा जिल्हा हादरला असता." त्यांच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. तिने फोन ठेवला आणि समताचा हात उचलून सोडला. तो पहिल्या दिवसासारखाच पडला.

ते घरी आले तेव्हा सोयाबीन काढून झालं होतं, शेतं उघडी पडली होती. वस्तीतले सगळे भेटायला आले. अंगणवाडीतली पोरं दारात गर्दी करून उभी राहिली. सगळी तोच खोकला खोकलेली, सगळी धडधाकट. प्रेरणा संघर्षला घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली. पोराला आत आणावं की नाही हे तिला कळत नव्हतं. धम्मशीलाच म्हणाली, "येऊ दे त्याले."

व्यायाम रोज करायचे होते. बोटं हलायला लागली, मनगट थोडं वळायला लागलं. खांदा आणि कोपर मात्र जागचे हलले नाहीत. दंड बारीक होत गेला. समता डाव्या हाताने जेवायला शिकली. उजवा हात हवा असला की डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवायची, एखादी वस्तू ठेवावी तसा. शरयू मॅडमच्या चिठ्ठीवरून ते तिला पुण्याला घेऊन गेले. तिथल्या सर्जनने सांगितलं, कधीकधी दुसरीकडची चांगली नस वळवून खांद्याला जोडतात. त्यांनी तपासणी केली. मग म्हणाले, जी नस घ्यायची तीच अशक्त आहे. तरी करून बघू का, असं नागसेनने विचारलं. सर्जन म्हणाले, "मी तुमच्या जागी असतो तर मुलीला या टेबलावर झोपवलं नसतं." परतीच्या एसटीत समता खिडकीशी बसली होती. तिने विचारलं, "आता केव्हा होईन हात?" नागसेनने झोपेचं सोंग घेतलं. धम्मशीला म्हणाली, "व्यायाम करत राहू." समताने पुन्हा विचारलं नाही.

हिवाळ्यात पोलिओचा रविवार आला. धम्मशीलाची नेमणूक नेहमीप्रमाणे समाजमंदिराच्या बूथवर होती. चांगुणा म्हणाली, नको जाऊ. ती गेली. बाया आल्या, पण आधीसारख्या हसत आल्या नाहीत. एक तरणी सून कडेवर तान्हं घेऊन टेबलासमोर उभी राहिली आणि तोंड उघडायला पोर पुढे करेना.

"ताई, समताले सगळे डोस पाजले होते न?"

"हाव. मीच पाजले."

"मग?"

"हा पोलिओ नव्हे. हे दुसरं आहे. सर्दीतून होते."

"मग त्याचा डोस द्या न."

"त्याचा डोस नाही अजून."

"कवा येईन?"

"मले माईत नाही बाई."

सून पोराला पदराखाली घेऊन निघून गेली. मागे रांगेत असलेल्या आणखी दोघी तिच्या मागे गेल्या. धम्मशीला हातात डोसाची बाटली धरून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी घरोघर जायचं होतं. चांगुणा न विचारता चपला घालून तिच्यासोबत निघाली. त्या सुनेच्या दारात म्हातारी खाली बसली आणि आपल्या पुंजाजीबद्दल सांगू लागली. तो कसा गुडघ्यांवर हात टेकत, वाकून अंगणातून चालायचा, लग्नात त्याला कुणी पंगतीला कसं बसवायचं नाही. "हे थांबवता येते तर थांबव बाई," ती म्हणाली. "आमच्या समतीचं थांबवता आलं नाही. ते कोणाले आलं नसतं, डॉक्टरलेही नाही." सुनेने पोराचं तोंड उघडलं. धम्मशीलाने दोन थेंब टाकले. घराबाहेर आल्यावर तिला वाटलं, आपल्याला हलकं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा खोकला सुरू झाला. प्रेरणाच्या धाकटीची छाती वाजायला लागली तेव्हा ती पोरीला कडेवर घेऊन पावसात भिजत धम्मशीलाच्या दारात आली. तिचं लक्ष आत गेलं. समता पाटीवर डाव्या हाताने काहीतरी गिरवत होती. प्रेरणाने आवाज खाली आणला.

"ताई, हिचा हात तर नाही न जाणार?"

हजारोंत एखाद्याचा जातो, हे धम्मशीलाला माहीत होतं. तो कुणाचा जाईल हे कुणालाच कळत नाही, आणि गेलाच तर कुणी काही करू शकत नाही, हेही.

"नाही जाणार," ती म्हणाली. "चाल, वाफ देऊन आणू."

नागसेनने दुचाकी काढली. धम्मशीला मागे बसली आणि प्रेरणाच्या धाकटीला तिने प्लास्टिकच्या कागदाखाली छातीशी धरलं. पोरीचा श्वास कागदाला आतून चिकटत होता आणि सुटत होता. आरोग्य केंद्रापर्यंत ती तो बघत राहिली.

चौथ्या-पाचव्या दिवशी पोर बरी झाली. धम्मशीला तरीही रोज तिच्याकडे जात होती. खुळखुळा उंच धरायची आणि ती दोन्ही हात वर करते का ते पाहायची. प्रेरणा हातातलं काम थांबवून बघायची. पोर हसत खुळखुळा ओढून घ्यायची. मग धम्मशीला पिशवी उचलून पुढच्या घरी जायची.